ओळीचं पहिलं अक्षर: जुन्या साहित्यातली आद्याक्षरांची गुंफण

अक्षरवेडी

परवा पुतण्याला शिवपंचाक्षर स्तोत्र पाठ करून देत होते. कडवी सगळी येत होती, पण क्रम चुकत होता. मधलं एक कडवं गळायचं आणि गळलंय हे त्याच्या लक्षातही यायचं नाही. मी त्याला म्हटलं, "तुला 'नमः शिवाय' म्हणता येतं ना? मग अडलास की तेच म्हण." त्याने बोटांवर न, म, शि, व, य मोजलं आणि पाचही कडवी बिनचूक म्हणून दाखवली. नागेन्द्रहाराय, मन्दाकिनी, शिवाय, वसिष्ठ, यक्षस्वरूपाय.

हे मला आधीपासून माहीत होतं, कारण प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'तस्मै नकाराय नमः शिवाय' असं कवीनेच सांगून ठेवलंय. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही नुसती सजावट नाही, पाठांतराची दोरी आहे. तिला धरलं की माणूस वाट चुकत नाही.

मग हाताशी होतं ते धुंडाळायला बसले. षडक्षर स्तोत्रातही तेच दिसलं. ॐकारं बिन्दुसंयुक्तं, नमन्ति ऋषयो, महादेवं, शिवं, वाहनं, यत्र यत्र. गकारादि गणपतिसहस्रनामात हजारच्या हजार नावं 'ग'ने सुरू होतात आणि ककारादि कालीसहस्रनामात 'क'ने.

सगळ्यांत थक्क केलं ते ललितात्रिशतीने. नावं तीनशे. पंचदशी मंत्राची अक्षरं पंधरा: क ए ई ल ह्रीं, ह स क ह ल ह्रीं, स क ल ह्रीं. प्रत्येक अक्षराने सुरू होणारी वीस-वीस नावं, आणि तीही मंत्राच्याच क्रमाने. ककाररूपा, कल्याणी, कल्याणगुणशालिनी अशी वीस झाली की एकाररूपा, मग ईकाररूपा. मंत्रात 'ह्रीं' तीनदा येतं, म्हणजे एकट्या 'ह्रीं'ची साठ नावं! संस्कृत कोशात 'ह्रीं'ने सुरू होणारे शब्द शोधून पाहा, म्हणजे हे काम काय होतं ते कळेल.

तर माझा प्रश्न असा. ओळीच्या, कडव्याच्या किंवा नावाच्या पहिल्या अक्षरांत काही क्रम गुंफलाय असं जुनं साहित्य तुम्हाला कुठे कुठे भेटलं? मराठीतलं असेल तर फारच छान. आणि ते कशासाठी केलं असावं असं तुम्हाला वाटतं?

रानवाट

मस्त धागा. 'तानापिहिनिपाजा' म्हणत इंद्रधनुष्य पाठ केलेल्या आपल्या सगळ्यांना हे ओळखीचं आहे. अठरा पुराणांसाठीचा श्लोक त्याच जातीचा:

मद्वयं भद्वयं चैव ब्रत्रयं वचतुष्टयम् ।
अनापलिङ्गकूस्कानि पुराणानि पृथक् पृथक् ॥

'म'ची दोन म्हणजे मत्स्य आणि मार्कंडेय. 'भ'ची दोन, भागवत आणि भविष्य. 'ब्र'ची तीन: ब्रह्म, ब्रह्मांड, ब्रह्मवैवर्त. 'व'ची चार: वराह, वामन, वायु, विष्णु. मग अग्नि, नारद, पद्म, लिंग, गरुड, कूर्म, स्कंद. अठरा भरली. देवीभागवतात हा श्लोक आहे. 'अनापलिङ्गकूस्कानि' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा एखाद्या राक्षसाचं नाव वाटलं होतं.

ओवीकार

मराठीतलं मागितलंत म्हणून लिहितो. समर्थ रामदासांनी शिवाजी महाराजांना पाठवलं असं परंपरेने सांगतात ते हे पत्र. वरवर पाहता साधा उपदेश आहे:

विवेके करावे कार्यसाधन । जाणार नरतनु हे जाणोन ।
पुढील भविष्यार्थी मन । रहाटोचि नये ॥

चालो नये असन्मार्गी । सत्यता बाणल्या अंगी ।
रघुवीरकृपा ते प्रसंगी । दासमाहात्म्य वाढवी ॥

रजनीनाथ आणि दिनकर । नित्यनेमे करिती संचार ।
घालिताती येरझार । लाविले भ्रमण जगदीशे ॥

आदिमाया मूळ भवानी । हेचि सकल ब्रह्मांडाची स्वामिनी ।
एकांती विवंचना करोनी । इष्ट योजना करावी ॥

आता प्रत्येक चरणाचं फक्त पहिलं अक्षर उचला. वि जा पु र चा स र दा र नि घा ला आ हे. विजापुरचा सरदार निघाला आहे!

सरदार म्हणजे अफजलखान. मला यात सर्वांत भावते ती तिसरी ओवी. चंद्रसूर्य नेमाने येरझाऱ्या घालतात, त्यांना जगदीशाने फिरतं ठेवलंय, एवढंच ती बोलते. पत्र वाटेत कुणी उघडून वाचलं तरी त्याला काय संशय येणार? आणि नेमक्या त्याच ओवीत 'निघाला' दडलेलं आहे. शाळेत असताना आमच्या मराठीच्या बाईंनी हे फळ्यावर लिहून पहिली अक्षरं लाल खडूने गिरवली होती. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, अशी शांतता होती.

जुनीवही

ओवीकार, हे पत्र मलाही प्रिय आहे. म्हणूनच दोन गोष्टी मनापासून मांडते.

पहिली गोष्ट इतिहासाची. प्रतापगडाची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. शिव-समर्थांची पहिली भेट केव्हा झाली, यावर जुना वाद आहे. परंपरा १६४९ सांगते, तर अभ्यासकांचा एक पक्ष १६७२ धरतो. १६७२ मानलं तर तेरा वर्षं आधीच्या अशा गुप्त पत्राला जागा उरत नाही. त्यामुळे 'परंपरेने सांगतात' हे शब्द तुम्ही लिहिलेत ते योग्यच केलंत.

दुसरी गोष्ट अक्षरांची. ओव्या चार, चरण सोळा. निरोपाची अक्षरं चौदा. शेवटच्या दोन चरणांचे 'ए' आणि 'इ' निरोपाच्या बाहेर राहतात. मी या दोन अक्षरांवर बराच विचार केला. अर्थाकडे पाहिलं तर तेच दोन चरण उघडपणे सल्ला देतात: एकांतात बसून विचार कर आणि योग्य ती योजना आख. बातमी दडवलेली आणि सल्ला उघडा, अशी ही रचना आहे. हे कुणीही लिहिलेलं असो, लिहिणाऱ्याला ओवीही कळत होती आणि निरोप कसा धाडावा हेही.

ओवीकार

'ए' आणि 'इ' उरतात हे इतक्या वर्षांत एकदाही मोजलं नव्हतं. वही काढून पुन्हा लिहून पाहिलं. तुमचं बरोबर आहे.

भुजंगप्रयात

माझ्या नावाला जागून वृत्तांचं सांगतो. 'यमाताराजभानसलगम्' हे सूत्र. अक्षरं दहा. कुठलंही एक अक्षर घ्या आणि त्याच्या पुढची दोन जोडा, त्या अक्षराचा गण मिळतो. 'य' घेतला की यमाता: लघु गुरू गुरू, हा य-गण. 'भ' घेतला की भानस: गुरू लघु लघु, हा भ-गण. 'स' घेतला की सलगम्, लघु लघु गुरू. आठही गण दहा अक्षरांत, एकमेकांच्या पोटात शिरून बसलेले. इतकं आटोपशीर सूत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

मराठीत आपण शब्दांनी शिकलो: यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा. इथेही शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे गणाचं नाव आणि शब्दाचा उच्चार म्हणजे त्याचं माप. भुजंगप्रयातात चार य-गण. 'यमाचा यमाचा यमाचा यमाचा' असं म्हणा आणि लगेच त्यावर 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' म्हणून पाहा. तंतोतंत बसतं.

कोरा_कागद

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. सूत्रं, यादी, पाठांतर इथवर पटतं. पण कवितेत अक्षरांचं बंधन आलं की अर्थ ओढाताणीत सापडतो असं माझं मत आहे. भोजाच्या सरस्वतीकंठाभरणातला हा अकराव्या शतकातला श्लोक पाहा:

कः खगौघाङ्चिच्छौजा झाञ्ज्ञोऽटौठीडडण्ढणः ।
तथोदधीन् पफर्बाभीर्मयोऽरिल्वाशिषां सहः ॥

'क'पासून 'ह'पर्यंत सगळी व्यंजनं क्रमाने आली आहेत. अचाट आहे, मान्य. पण टीकेशिवाय अर्थ लागत नाही. हे कुणी गुणगुणेल का?

आपल्याकडे मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचलं. त्यात ओठांनी उच्चारायचं एकही अक्षर नाही. म्हणजे 'म' नाही, म्हणजे 'राम' हे नावच नाही! रामकथा रामाचं नाव न घेता. मला त्यात पंतांची ताकद दिसते, पण डोळे ओलावतात ते 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो' म्हणताना. तिथे भार ओळीच्या शेवटावर आहे: घडो, पडो, झडो, नावडो. मराठी कान शेवटावर पोसलेला आहे. वामनपंडितांना लोक 'यमक्या वामन' म्हणाले ते उगीच नाही.

अक्षरवेडी

राग कसला, मुद्दा मोलाचा आहे. ओठांच्या बंधनाची एक जागा मात्र मला फार आवडते. दंडीच्या दशकुमारचरितात सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली हकिगत सांगतो ती पूर्ण ओष्ठ्य अक्षरं टाळून, कारण प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावलेत. तिथे बंधनच कथेतून उगवलंय. असं असलं की ओढाताण वाटत नाही.

किनारा

आपल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं तर आद्याक्षरं किती रसाळ होऊ शकतात ते दिसतं. ओडिया साहित्यात 'चउतिसा' नावाचा प्रकारच आहे. 'क'पासून 'क्ष'पर्यंत चौतीस व्यंजनं आणि एकेका अक्षराने सुरू होणारी चौतीस कडवी. मार्कंड दासांची 'केशव कोइली' त्यातलीच. कृष्ण मथुरेला गेला आणि यशोदा कोकिळेला आपलं दुःख सांगते. सुरुवात होते 'कोइली, केशव जे मथुराकु गला' अशी. आधी कोकिळेला हाक आणि मग अक्षराचा शब्द. आई एकेक अक्षर घेऊन रडते आहे. मुळाक्षरं शिकवणारी तीच आणि मूल गेल्यावर त्याच मुळाक्षरांनी विलाप करणारीही तीच, असं मला वाचताना वाटत राहतं. कोरा_कागद, इथे अर्थ ओढला गेलाय असं कुणी म्हणणार नाही.

त्याच भाषेत उपेंद्र भंजांचं 'वैदेहीश विलास' आहे. अख्खं रामकाव्य आणि प्रत्येक ओळ 'ब'ने सुरू.

तमिळमध्ये औवैयार यांची 'आत्तिचूडी' आहे. अकारविल्हे एकेका ओळीची शिकवण, एकूण १०९. अरम् सेय विरुम्बु: धर्म करावासा वाटू दे. आरुवदु सिनम्: राग निववावा. इयल्वदु करवेल: देता येण्याजोगं लपवू नको. ईवदु विलक्केल: देणाऱ्याच्या आड येऊ नको. अ, आ, इ, ई शिकता शिकता मूल एवढं शिकून जातं.

जायसींची 'अखरावट' आणि गुरू ग्रंथसाहिबातली 'पट्टी' नि 'बावन अखरी' याच वाटेवरच्या. पट्टी म्हणजे पाटी! आपले तुकोबा 'अर्भकाचे साठी । पंते हाती धरिली पाटी' म्हणतात, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

जुनीवही

किनारा, 'केशव कोइली'बद्दल लिहिलंत ते वाचून थांबले जरा. अक्षरांच्या क्रमाने विलाप करण्याची रीत हिब्रूतही आहे. बायबलच्या जुन्या करारातलं 'विलापगीत' म्हणजे जेरुसलेम पडल्यानंतरचा शोक. हिब्रू मुळाक्षरं बावीस. पहिला, दुसरा आणि चौथा अध्याय बावीस-बावीस कडव्यांचा, प्रत्येक कडवं पुढच्या अक्षराने सुरू. तिसऱ्यात एकेका अक्षराची तीन-तीन, म्हणजे सहासष्ट. पाचव्या अध्यायातही कडवी बावीसच, पण तिथे अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. शोक करून करून माणूस शेवटी सैरभैर व्हावा तसं ते वाचताना वाटतं. ही माझी भावना, कुणा पंडिताचं मत नव्हे.

त्यातच एक गंमत आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायांत 'पे' हे अक्षर 'आयिन'च्या आधी येतं. रूढ क्रम याच्या उलट. आधी ही नकलणाऱ्याची चूक वाटेल, पण 'पे' आधी असलेली मुळाक्षरं कोरलेले फार जुने लेख सापडले आहेत. म्हणजे एके काळी तोही क्रम चालत होता आणि कवितेने तो जपून ठेवला.

आता अक्षरवेडींच्या मूळ प्रश्नाकडे येते: कशासाठी? बायबलमधल्याच स्तोत्रसंहितेतलं १४५ वं स्तोत्र घ्या. तेही अक्षरक्रमाने चालतं, पण हिब्रूच्या परंपरागत पाठात 'नून' अक्षराचं कडवं नाही. 'मेम' झालं की एकदम 'सामेख'. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे एक कडवं होतं, पण ते मूळचं की मागाहून भरलेलं, हे सांगणं अवघड होतं. १९५६ साली मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या अकराव्या गुहेत चामड्याच्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यातल्या एकीत हे स्तोत्र आहे आणि त्यात 'नून'चं कडवंही आहे. ते मूळचंच की नाही यावर अजूनही चर्चा होते. पण महत्त्वाचं हे की अक्षरक्रम नसता तर तिथे काही गहाळ झालंय अशी शंकाही कुणाला आली नसती.

हस्तलिखितांच्या जगात नकलणाऱ्याची नजर एक ओळ चुकली की ती ओळ पिढ्यानपिढ्यांसाठी जायची. आद्याक्षरांची माळ असली की तुटलेला मणी दिसतो. कोरा_कागद, तुम्ही म्हणता ती ओढाताण मला मान्य आहे. पण त्या बदल्यात कवितेला राखणदार मिळतो.

कोरा_कागद

हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. आभार. 'कुणी गुणगुणेल का' एवढ्याच एका मापाने मी सगळं मोजत होतो.

पैलतीर

मग गायत्री रामायणाचा विषय इथे यायलाच हवा. वाल्मीकी रामायणाचे श्लोक २४,०००, गायत्रीची अक्षरं २४, आणि दर हजाराच्या पहिल्या श्लोकाचं पहिलं अक्षर घेतलं की गायत्री मंत्र होतो, अशी श्रद्धा आहे. पहिला श्लोक 'तपःस्वाध्यायनिरतं', म्हणून 'त'. पुढचा 'स हत्वा राक्षसान् सर्वान्', म्हणून 'स'. असे चोवीस श्लोक निवडून वेगळं स्तोत्रही म्हणतात.

पण मंत्राची अक्षरं मोजून पाहा. तत्सवितुर्वरेण्यं सात, भर्गो देवस्य धीमहि आठ, धियो यो नः प्रचोदयात् आठ. होतात तेवीस. 'वरेणियं' असं सुटं म्हटलं की चोवीस. आणि बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने सिद्ध केलेल्या रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीत श्लोक एकोणीस हजारांच्या आत आहेत. तिथे हजार-हजार मोजत गेलं तर ही माळ बसणार नाही. जुनीवहींच्या भाषेत सांगायचं तर राखणदाराचं नाव परंपरेने सांगितलं, पण आज हाती असलेल्या पाठांवर तो उभा नाही. स्तोत्र म्हणून म्हणताना मात्र मला त्याचा आनंद कमी होत नाही.

तिसरी_ओळ

पहिल्या अक्षरावरून थोडं पुढे सरकते. टेंबे स्वामींचं (वासुदेवानंद सरस्वती, १८५४ ते १९१४) 'सप्तशती गुरुचरित्रसार' आहे. ओव्या सातशे. प्रत्येक ओवीतलं तिसरं अक्षर क्रमाने वाचत गेलं की गीतेचा पंधरावा अध्याय होतो. आमच्या पोथीत ते तिसरं अक्षर ठळक छापलंय.

गीतेच्या बाजूने हिशेब केला. पंधराव्या अध्यायात श्लोक वीस. त्यातले पंधरा अनुष्टुभ, प्रत्येकी ३२ अक्षरं, म्हणजे ४८०. उरलेले पाच त्रिष्टुभ, प्रत्येकी ४४, म्हणजे २२०. वृत्ताच्या मापाने बेरीज बरोबर सातशे! (तिसऱ्या श्लोकाच्या पहिल्या चरणात, 'न रूपमस्येह तथोपलभ्यते', अकराऐवजी बारा अक्षरं आहेत. प्रत्यक्ष मोजायला बसाल तर तिथे एक अक्षर जास्त भरेल, सावध राहा.) सातशे ओव्यांचं माप आणि पंधरावाच अध्याय का, ते हा हिशेब केल्यावर मला उमगलं. गुरूची कथा वाचणाऱ्याच्या हातून नकळत गीताही वाचली जावी, या मायेपोटी एवढे कष्ट घेतलेत. मला तर तसंच वाटतं.

अक्षरवेडी

तुम्हा सगळ्यांचं वाचून काल रात्री एक उद्योग केला. माझ्याकडे त्रिशतीची आईच्या वापरातली पुस्तिका आहे. पानं पिवळी पडलीत, कोपरे दुमडलेत. श्लोक नाहीत, एकाखाली एक नुसती नामावली आहे. पेन्सिल घेऊन प्रत्येक अक्षराची नावं मोजत गेले. 'क' वीस, 'ए' वीस, 'ई' वीस. 'ल'वर आले आणि एकोणीसच भरली. पुन्हा मोजली, तरी एकोणीस.

मग श्लोकरूप त्रिशती उघडून एकेक नाव ताडून पाहिलं. शेवटच्या श्लोकात आहे 'लम्बोदरप्रसूर्लभ्या लज्जाढ्या लयवर्जिता'. पुस्तिकेत 'लम्बोदरप्रसू'नंतर थेट 'लज्जाढ्या' छापलंय. मधलं 'लभ्या' गेलंय. दोनच अक्षरांचं नाव, दोन लांब नावांच्या मध्ये. जुळारी कुणीही असो, नजर घसरायला तेवढं पुरे होतं. आईने वर्षानुवर्षं त्या पुस्तिकेवरून नावं म्हटली, तिला आणि मला कधी कळलं नाही. जुनीवही, तुमची ती पोस्ट वाचली नसती तर मोजायचं सुचलंही नसतं.

पुढचे सगळे गट मोजून झाले. सगळीकडे वीस आहेत. 'लम्बोदरप्रसू'च्या शेजारी समासात पेन्सिलीने 'लभ्या' लिहून ठेवलं.